उतारवयात हाती घेतलेली लेखणी

गतवर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागल्याचे ध्यानात आले, आणि त्या उन्हात घालून, झटकून, नव्या वहीत उतरवून काढण्याचे काम फादरांनी आमच्याकडे सोपविले. आमचे अक्षर बरे आहे, एवढेच त्याचे कारण. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, दफनाची वही, अशी तीन थोरली बाडे. जुनी पाने लॅटिन भाषेतील, शाई तपकिरी झालेली. पाने उलटता उलटता एके दुपारी आमच्या आजीचे नाव दृष्टीस पडले. तिचा बाप्तिस्मा गोव्यात झालेला, त्यामुळे त्याची नोंद येथे नाही. विवाहाची एक ओळ होती आणि १९७४ सालच्या दफनाची एक ओळ होती. मृत्यूचे कारण म्हणून ‘वार्धक्य’ एवढेच लिहिलेले. एका बाईच्या साऱ्या जन्माच्या दोन ओळी!

नोंदवहीला दोष देण्यात अर्थ नाही. तिचे काम तेवढेच. पण आम्हांला स्वतःला आजीविषयी त्याहून अधिक किती ठाऊक आहे, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्ही खजील झालो. बारा वर्षांची असताना आईबापांबरोबर ती चोर्ला घाट पायी चढून खानापूरच्या बाजूला आली, आणि साऱ्या वाटेने तिने काखेत एक कोंबडी धरली होती, एवढे आम्हांला ठाऊक आहे. भात कांडताना ती ही गोष्ट सांगे, आणि कोंबडी म्हटली की आम्ही मुले हसत असू. त्यांनी गाव का सोडला, मागे कोण राहिले, घाटात रात्र कोठे काढली, यांतले काहीही कोणी विचारले नाही. आम्ही त्या वेळी दहा वर्षांचे होतो हे आमचे समर्थन होईल. परंतु आमचे वडील तेव्हा चाळिशी उलटलेले होते, त्यांनीही विचारले नाही. आता विचारावे तर कोणाला?

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, विशेषतः बाईमाणसाला, ‘तुमची हकीकत लिहून ठेवा’ असे म्हणून पाहा. उत्तर ठरलेले असते. ‘माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे? चूल फुंकली, पोरे वाढविली.’ हे उत्तर विनयाचे असते असा आपला समज आहे. आम्हांला तसे वाटत नाही. आयुष्यभर कोणी काही विचारले नाही म्हणजे माणूस आपणहोऊनच असे धरून चालतो की, सांगण्यासारखे काही नव्हतेच.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच कारणासाठी आम्हांला फार मोलाचे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. पंथ आमचा नव्हे, प्रॉटेस्टंट. परंतु त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक अवघ्या मराठी भाषेचे धन आहे. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, एका कर्मठ ब्राह्मण घरात झाला. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असा की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! १८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अक्षरओळख झाली ती पतीच्या लहरीप्रमाणे, कधी शिकविले, कधी राहून गेले, अशा रीतीने. टिळक कवी होते, हाताचे अतिशय सढळ होते, तापट होते, आणि वाटेल तेव्हा घर सोडून निघून जाणारे होते. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. त्यानंतरची काही वर्षे नवराबायकोची ताटातूट. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, आणि १९०० साली, कोणाच्या आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून मुलगा देवदत्त याने आईकडे वडिलांच्या आठवणी मागितल्या. म्हणजे पाहा, लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली ती स्वतःविषयी लिहिण्यासाठी नव्हे. थोर पतीच्या चरित्राला चार आठवणींची जोड द्यावी, एवढाच हेतू. परंतु आठवणी सांगू गेल्या आणि सांगणारीच पुढे आली. त्या पुस्तकातील टिळक हे पुतळ्यासारखे नाहीत. ते रागावतात, वस्तू हरवितात, पदरचे उधळून मोकळे होतात, आणि तरीही वाचकाला त्यांच्याविषयी लोभ वाटतो. कारण त्यांच्याकडे पाहणारी नजर एका हुशार, सोशिक आणि मिस्कील बाईची आहे. स्वतःची फजिती सांगतानाही ती हात आखडता घेत नाही. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

त्या काळचे मराठी ग्रंथकार संस्कृतप्रचुर भाषेत मोठमोठी वाक्ये रचीत. लक्ष्मीबाईंना ती भाषा कोणी शिकविली नव्हती, आणि आमच्या मते हेच त्यांचे भाग्य! स्वयंपाकघरात, अंगणात, शेजारणीशी जसे बोलावे तसे त्यांनी लिहिले. तो आवाज त्यांना उतारवयात कोठून नव्याने मिळाला नाही. तो साठ वर्षे त्यांच्या तोंडी होताच. तो कागदावर उतरविण्याजोगा आहे, हे मात्र कोणीतरी आठवणी मागेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हते.

याहूनही जुनी गोष्ट बंगालमधील. राससुंदरी देवी या १८१० च्या सुमारास जन्मलेल्या, बारा वर्षांच्या वयात लग्न झालेल्या, बारा मुलांच्या आई. बाईने अक्षर गिरविले तर ती विधवा होते, अशी त्या काळची समजूत. चैतन्यांच्या चरित्राची एक पोथी घरात होती. तिचे एक पान त्यांनी हळूच काढून घेतले, आणि मुलाच्या धुळाक्षराच्या ताडपत्राशी ते ताडून, चुलीपुढे बसून, कोणाला न कळता पंचविशीत त्या वाचावयास शिकल्या. लिहिणे आले ते पुष्कळ वर्षांनी. परगावी असलेल्या एका मुलाने ‘आई, तू पत्राचे उत्तर का देत नाहीस?’ असे विचारले आणि कागद, दौत, लेखणी हाती देऊन तो निघून गेला. मग लिहिणे भागच पडले. त्यांचे ‘आमार जीवन’ हे आत्मचरित्र १८७६ साली छापून आले, आणि १८९७ साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर, त्यांनी त्यात भर घातली. त्यात एक प्रसंग असा आहे. पतीचा घोडा अंगणात येऊन भाताची रास खात होता. परंतु धन्याच्या घोड्यासमोर आपण कसे जावे, या लाजेने त्या आतच उभ्या राहिल्या! म्हातारपणी हे लिहिताना आपल्या त्या लाजेचे त्यांना हसू येते. चाळीस वर्षांपूर्वी हसू आले असते काय? आम्हांला शंका आहे. काही गोष्टींकडे पाहावयास तेवढे अंतर चालून जावे लागते.

आमच्या घरांतून आणखी एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो टाकाऊ नाही. स्वतःविषयी लिहीत बसणे हा अहंकार नव्हे काय? लहानपणापासून आपण नम्रतेचे धडे घेतलेले. ‘मी, मी’ करणारा माणूस आपल्याला आवडत नाही. या ठिकाणी संत इग्नाती लोयोला यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या सोबत्यांची फार इच्छा होती की, देवाने त्यांना कोणत्या वाटेने नेले ते त्यांनी सांगावे. ते टाळीत राहिले. १५५३ च्या ऑगस्ट महिन्यात लुईस गोन्सालव्हिस दा कामारा हे पोर्तुगीज फादर त्यांच्याकडे मन मोकळे करण्यास आले. त्यांच्या मनाला सलत होता तो नेमका हाच दोष, पोकळ मोठेपणाची हाव. त्यांचे समाधान करता करता आपणही या दोषाशी किती झगडलो ते इग्नाती यांनी सांगितले, आणि त्यानंतर आपली सारी कथा सांगावी असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते.

ते खोलीत येरझारा घालीत बोलत, फादर ऐकत, मग जाऊन टिपून ठेवीत. कथेत इग्नाती स्वतःला ‘मी’ म्हणत नाहीत, ‘यात्रेकरू’ म्हणतात. आणि सांगतात काय? १५२१ साली पाम्प्लोना येथे पायाला तोफेचा गोळा लागला, हे तर सर्वांना माहीत आहे. पण पुढच्याच वर्षी मोन्सेरातच्या वाटेवर एका मूर माणसाशी पवित्र मरियेविषयी वाद झाला, तो माणूस पुढे निघून गेला, आणि त्याच्या मागे जाऊन त्याला सुरी भोसकावी की काय या विचारात यात्रेकरू पडला. निर्णय होईना. मग त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. जनावर गावाकडे वळले तर मारायचे, राजरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर राजरस्त्याने गेले! एका संघाचा संस्थापक, ज्याच्या शब्दावर माणसे जगाच्या टोकापर्यंत जात होती, तो म्हातारपणी शांतपणे सांगतो की, त्या दिवशी माझ्याहून माझे खेचर शहाणे निघाले. यात अहंकार कोठे आहे, ते आम्हांला सापडले नाही.

आविलाच्या संत तेरेजा यांनीही आपले चरित्र वयाच्या पन्नाशीच्या आसपास, १५६२ ते १५६५ या काळात, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिले. लिहिण्यामुळे सूतकताई मागे पडते, मठ गरीब आहे, कामे पुष्कळ आहेत, अशी त्यांची तक्रार त्याच पुस्तकात आहे. आमच्या गावच्या बायका ‘सवड कोठे आहे’ म्हणतात, तेव्हा आम्हांला ती सूतकताई आठवते.

आता गावातलीच एक गोष्ट सांगतो. त्यात आमची चूक आहे, म्हणून ती सांगणे अधिकच आवश्यक.

आमच्या वाड्यावर एक मावशी राहते. नाव देत नाही. तिनेच तशी अट घातली आहे. वय शहात्तर, शिक्षण मराठी चौथी. पुण्यास नोकरी करणाऱ्या नातीने तिला एक वही दिली आणि म्हटले, ‘आजी, तू मला सांगतेस ना, तेच यात लिही.’ मावशीने चार-सहा पाने लिहिली आणि ‘तेवढे शुद्धलेखन बघा हो’ म्हणून वही आमच्याकडे आणली. पहिलेच वाक्य असे होते की, मानवी जीवन हे सुखदुःखांचे मिश्रण आहे. शाळेतील निबंधाचे वाक्य, किंवा एखाद्या प्रवचनात ऐकलेले. आम्ही तांबडी शाई घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, इथवर ठीक. पण जेथे कोठे तिचे बोलणे तिच्या तोंडचे होते, तेथेही आम्ही आमचे शब्द घातले. ‘लई’ होते तेथे ‘अतिशय’ लिहिले. मावशीने वही नेली, आभार मानले, आणि दोन महिने लेखणीला हात लावला नाही.

हे आम्हांला नातीकडून कळले. ती नाताळात घरी आली होती आणि चांगलीच रागावली होती. आम्ही मावशीकडे जाऊन म्हटले, ‘मावशी, आमचे चुकले. ती तांबडी पाने फाडून टाक.’ ती म्हणाली, ‘फाडू कशाला? वही नवी आहे. मागच्या बाजूने लिहिते.’ आणि तिने वही उलटी करून शेवटच्या पानापासून आरंभ केला. या खेपेस आम्हांला दाखविणार नाही, असे तिने बजावले. आम्ही ते मान्य केले.

कित्येक आठवड्यांनी तिने आपणहून एक पान दाखविले. तिच्या परवानगीने ते येथे उतरवितो. ‘लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विहिरीने तळ दाखविला. सासूबाई म्हणाल्या, हा तुझा पायगुण. मी काय बोलले नाही. पहाटे उठून दोन कोसांवरून पाणी आणले आणि पहिला तांब्या त्यांच्याच पुढे ठेवला. त्या प्याल्या. त्या पण काय बोलल्या नाहीत.’

एवढेच. मानवी जीवनाचे सुखदुःख यात आले नाही असे कोण म्हणेल? येथे मावशीचा आवाज आहे. ती अशीच बोलते, अशीच गप्प बसते. आम्ही तिला विचारले, हे कसे सुचले? तिचे उत्तर असे की, पहिली पाने लिहिताना ती चार माणसांपुढे उभी आहे असे तिला वाटत होते. नंतर नात शेजारी बसून शेंगा सोलते आहे असे धरून ती लिहू लागली.

त्या दिवसापासून कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो. जन्मापासून आरंभ करू नका. जन्म कोणाला आठवत नाही. विहीर, दिवा, एखादे लुगडे, पहिला पगार, कोंबडी, जे आधी डोळ्यांपुढे येईल तेथून सुरू करा. समोर एक माणूस धरा, गाव नको. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी बोलावे आणि घरातल्या पोराने टिपून घ्यावे. संत इग्नाती यांनी तेच केले. हल्ली मुलांच्या हातातल्या फोनमध्ये बोलणे साठवूनही ठेवता येते, पण तेही कधीतरी कागदावर उतरवून घ्यावे. आणि टिपून घेणाऱ्याने तांबडी शाई दूर ठेवावी.

नोंदवह्या उतरविण्याचे आमचे काम अजून चालू होते. १९७१ च्या बाप्तिस्म्याच्या पानांत मावशीच्या यजमानांचे नाव आले. एका मुलाच्या बापाचे नाव म्हणून. दफनाच्या वहीत, आठ दिवसांच्या आत, तेच नाव पुन्हा आले. आम्ही या कुटुंबाला जन्मापासून ओळखतो. थोरला मुलगा म्हणून सगळे ज्याला ओळखतात, तो १९७३ चा. आम्ही ओळ उतरविली, आणि कोणाजवळ काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आमचा नव्हता.

लेंटच्या काळात मावशीने ते पान लिहिले. आम्हांला तिने ते पुढे वाचून दाखविले, हाती दिले नाही. अर्धेच पान होते. त्याचे नाव आजोबांचे ठेवले होते. तो नऊ दिवस होता. मला कोणी रडू दिले नाही. म्हणाले, दुसरा होईल. दुसरा झाला, पण तो दुसरा, पहिला नव्हे. आम्हांला आठवते ते असे. मूळ शब्द याहून साधे होते.

तिच्या मुलाने ते पान पन्नाशी उलटल्यावर वाचले. आपण थोरले नाही, हे त्याला तेव्हा कळले. तो रागावला, असे मावशीच सांगते. दोन दिवस जेवणाच्या पाटावर नीट बोलला नाही. पन्नास वर्षे आईने हे पोटात ठेवले याचा राग, की आपण कधी विचारले नाही याचा, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि ती ओळ दाखवा म्हणाला. आम्ही दोन्ही वह्या काढून दिल्या. लॅटिन त्याला येत नाही, तरी आपल्या बापाचे नाव त्याने बोटाने शोधून काढले आणि बराच वेळ बोट तेथेच ठेवले.

सर्व मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, मिस्सा झाल्यावर मायलेक दफनभूमीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात गेले. लहान मुलांना पूर्वी तेथे पुरीत; क्रूस नाही, दगड नाही. नेमकी जागा मावशीलाही सांगता येईना. करवंदीची एक जुनी जाळी तिच्या ध्यानात होती, ती आता नाही. तिने अंदाजाने एक मेणबत्ती लावली. वारा होता; मुलाने टोपी आडवी धरली.

वही दोन्ही बाजूंनी भरत आली असून मधली थोडी पाने उरली आहेत. तांबडी पाने अजून जागच्या जागी आहेत. नातीने दुसरी वही आणून दिली आहे, पण थंडी ओसरेपर्यंत ती उघडणार नाही असे मावशी म्हणते. पहाटे बोटे आखडतात, आणि लिहावयास सवड मिळते ती पहाटेच.